पडद्यासमोरचा दुसरा पडदा

चित्रपटगृहात जावे की घरीच बसून चित्रपट पाहावा, हा प्रश्न एके काळी केवळ खिशाचा होता. नवी मुंबईत तर तो अंतराचाही होता. सिडकोच्या वसाहती उभ्या राहत असताना वाशी-नेरूळच्या रहिवाशांना चांगला चित्रपट पाहायचा म्हणजे खाडी ओलांडून चेंबूर, शीव किंवा दादर गाठावे लागे. १९९२ साली मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल आली, पुढे मॉल आले आणि मॉलबरोबर मल्टिप्लेक्स आले. आज वाशी स्थानकासमोरच्या रघुलीला मॉलमध्ये किंवा सीवूड्स स्थानकाच्या डोक्यावरच्या ग्रँड सेंट्रलमध्ये लोकलमधून उतरून दहा मिनिटांत खुर्चीत बसता येते. खुर्ची मऊ आहे, वातानुकूलन आहे, ध्वनियंत्रणा उत्तम आहे. तरीही 'आता ओटीटीवर येईल तेव्हा पाहू' हे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यामागे तिकीट आणि पॉपकॉर्नचे दर आहेत, हे कुणीही मान्य करील. परंतु थोडे खोदून विचारले की दुसरे कारण हमखास बाहेर येते, ते म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा माणूस.

त्याच्या लीला वेगळ्या सांगायला नकोत. चित्रपट सुरू होऊन वीस मिनिटे झाल्यावर मोबाइलचा दिवा पाजळत रांग शोधणारे कुटुंब. मागून खुर्चीला बसणारे गुडघे. पुढे काय होणार हे सोबत्याला आधीच सांगून टाकणारा जाणकार. रात्रीच्या खेळाला आणलेले आणि पहिल्याच स्फोटाला दचकून रडू लागलेले तान्हे मूल. आणि 'हां, पिक्चरमध्ये आहे, बोल' असे म्हणून पुढची पाच मिनिटे बोलत राहणारा गृहस्थ. यातील प्रत्येक गोष्ट एकेकटी पाहिली तर क्षुल्लक आहे. मग तिचा त्रास एवढा का होतो? या प्रश्नाचे उत्तर सौजन्याच्या आधी डोळ्यांच्या आणि कानांच्या रचनेत शोधावे लागते.

डोळ्याला दिवा का खुपतो

चित्रपटाचा पडदा आपल्याला झगमगीत वाटतो, पण प्रत्यक्षात तो बराच मंद असतो. डिजिटल प्रक्षेपणाच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पडद्यावरील शुभ्र पांढऱ्या रंगाची तेजस्विता दर चौरस मीटरला ४८ कँडेला एवढीच धरलेली आहे. काळोख्या प्रसंगांत ती एक कँडेलाच्याही खाली जाते. याउलट आपल्या हातातील साध्या स्मार्टफोनचा पडदा पूर्ण प्रखरतेवर पाचशे कँडेलांच्या पुढे सहज जातो. अंधारात फोन स्वतःहून प्रकाश कमी करतो हे खरे. तरीही रात्रीच्या प्रसंगात तो पडद्यावरील चित्राहून कित्येक पटींनी उजळच राहतो. एवढा मंद पडदा आपल्याला पुरेसा वाटतो, कारण अंधारात बसल्यावर डोळा हळूहळू त्या अंधाराला सरावतो. हा सराव पूर्ण व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात आणि एखादा प्रखर प्रकाशझोत तो काही क्षणांत मोडू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मंद प्रकाशात पाहणाऱ्या पेशी दृष्टिपटलाच्या मध्यभागी नसतात, त्या कडेच्या भागात दाटलेल्या असतात. कडेला काही हलले, काही चमकले की मान तिकडे वळावी, ही निसर्गाने आपल्या संरक्षणासाठी केलेली सोय आहे. त्यामुळे दोन रांगा पुढे, डावीकडे खाली कुणी फोन उघडला की तो नेमका डोळ्याच्या सर्वांत जागरूक भागात चमकतो. 'तुम्ही पडद्याकडे बघा ना, माझ्या फोनकडे कशाला बघता?' हा प्रतिप्रश्न त्यामुळे शास्त्रदृष्ट्याच निरर्थक ठरतो. बघणारा बघत नसतो. त्याचा डोळा त्याच्या परवानगीवाचून तिकडे जातो.

कानाचेही तसेच. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. त्यातही समजणाऱ्या भाषेतले बोलणे कानाआड करणे फार अवघड. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले, की दोन माणसांचा संपूर्ण संवाद कानावर पडला तर ऐकणाऱ्याच्या कामात जेवढा व्यत्यय येतो, त्यापेक्षा फोनवरचे एकतर्फी बोलणे ऐकताना अधिक येतो. अर्धाच संवाद ऐकू आल्यावर उरलेला अर्धा काय असेल, याचा अंदाज मेंदू आपणहून बांधू लागतो. शेजारचा गृहस्थ 'नाही, नाही... मग तिने काय सांगितलं?' असे म्हणतो आणि पडद्यावर नायिका मरणपंथाला लागलेली असतानाही 'तिने' काय सांगितले असेल, याचेच कुतूहल आपल्याला छळत राहते.

तान्ह्या मुलांबाबत दोष मुलाचा अर्थातच नसतो. चित्रपटगृहातील ध्वनियंत्रणेच्या प्रमाण पातळीनुसार प्रत्येक मुख्य ध्वनिवाहिनीचा आवाज शिखरावर १०५ डेसिबलपर्यंत जाऊ शकतो. प्रौढाला जो थरार वाटतो, तो त्या बाळाच्या दृष्टीने निव्वळ आघात असतो. ब्रिटनमधील काही चित्रपटगृहे तान्ह्या मुलांच्या आईवडिलांसाठी वेगळे खेळ ठेवतात. आवाज थोडा कमी, दिवे अर्धवट चालू आणि मूल रडले तरी कुणाच्या कपाळाला आठी नाही. घरात आजी-आजोबा नसलेली, दोघेही नोकरी करणारी जोडपी नवी मुंबईत इतकी आहेत, की असा एखादा रविवार सकाळचा खेळ येथेही चालावा.

पूर्वी प्रेक्षक गप्प बसत होता का?

'आमच्या वेळी असे नव्हते' हे म्हणणे मात्र इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. अंधारात निःशब्द बसून प्रयोग पाहणे ही जगभरातच अलीकडची रीत आहे. युरोपात प्रेक्षागृहातले दिवे चालूच असत आणि लोक एकमेकांना भेटायला नाटकाला येत; १८७६ साली जर्मनीतील बायरॉइट येथे रिचर्ड वाग्नर याने आपल्या संगीतिकांसाठी प्रेक्षागृह अंधारात बुडवले, तेव्हा लोकांना ते नवलाचे वाटले. आपल्याकडे तर प्रेक्षकाने गप्प बसावे अशी अपेक्षाच नव्हती. कीर्तनात बुवांच्या नामघोषाला श्रोत्यांनी साथ द्यायची, तमाशात दौलतजादा करायची, संगीत नाटकात बालगंधर्वांच्या पदाला 'वन्स मोअर' घ्यायचा आणि पहाट होईस्तोवर बसायचे, ही आपली परंपरा. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कोरोनेशनमध्ये दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला, तेव्हा हाच बोलका प्रेक्षक चित्रपटगृहात आला. मूकपटांच्या काळात पडद्यावरील पाट्या लिहिता-वाचता येणारा माणूस शेजारच्यांसाठी मोठ्याने वाचून दाखवी आणि तो उपद्रव नसून उपकार मानला जाई. फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये (१९१७) प्रभू रामचंद्र पडद्यावर अवतरताच लोक पायातल्या वहाणा काढून हात जोडीत. १९५१ साली भगवानदादांच्या 'अलबेला'तील गाण्यांवर प्रेक्षक नाचले, पडद्यावर नाणी उधळली गेली. १९७५च्या 'जय संतोषी माँ'ला फुले वाहिली गेली. आणि २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'मध्ये 'झिंगाट' सुरू झाले की खुर्च्या सोडून नाचणारी पोरे महाराष्ट्राने पाहिली.

तेव्हा गोंगाट नवा नाही. बदल झाला आहे तो गोंगाटाच्या दिशेत. पिटातल्या प्रेक्षकाची शिट्टी पडद्यासाठी असे. तो नायकाला टाळ्या देत होता, खलनायकाला शिव्या घालत होता, म्हणजे चित्रपटातच गुंतलेला होता. त्याच्या आरडाओरड्याने शेजाऱ्याचे लक्ष उडाले तरी ते पडद्यावरून उडून पुन्हा पडद्यावरच जाई. मोबाइलवरचा प्रेक्षक शांत असतो, कित्येकदा एक अक्षरही बोलत नाही. पण तो त्या जागेत नसतोच. ज्याला चित्रपटात रस नाही असा माणूस आपल्या शेजारी बसला आहे, ही जाणीवच अनेकांना त्या उजेडाहून अधिक टोचते, असे मला वाटते.

अर्थात पडद्यावरचे प्रेमही मर्यादा सोडते. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, ऐन दिवाळीत, मालेगावच्या मोहन चित्रपटगृहात 'टायगर ३' सुरू असताना सलमान खानच्या चाहत्यांनी प्रेक्षागृहातच फटाके आणि रॉकेट उडवले. भर गर्दीत लोकांची पळापळ झाली, पोलिसांनी गुन्हा दाखल केला आणि स्वतः सलमान खानला चाहत्यांना समजावण्याची वेळ आली. १९९७ साली दिल्लीच्या उपहार चित्रपटगृहाला लागलेल्या आगीत ५९ जीव गेले होते, हे ज्यांना आठवते त्यांना या 'उत्साहा'चे कौतुक करता येणार नाही.

एकपडदा चित्रपटगृहांत या सगळ्याला आवर घालणारी एक असामी होती, ती म्हणजे टॉर्चवाला डोअरकीपर. उशिरा येणाऱ्याच्या पायाशी प्रकाश टाकून तो त्याला जागेवर नेई आणि फार गलबला करणाऱ्याच्या तोंडावर तोच टॉर्च मारी. त्याला गिऱ्हाईक दुखावण्याची फारशी भीती नव्हती. मल्टिप्लेक्समध्ये गणवेशातली तरुण मुले असतात, परंतु त्यांचे मुख्य काम खाद्यपदार्थ खुर्चीपर्यंत पोहोचवणे हे झाले आहे. देशातील सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपनीच्या उत्पन्नात खाद्यपेयांचा वाटा सुमारे एक तृतीयांश असतो. ऐन रंगात आलेल्या प्रसंगात पडद्यासमोरून वाकून नाचोजचा ट्रे घेऊन जाणारा कर्मचारी हा व्यवस्थेनेच नेमलेला व्यत्यय आहे. अशा व्यवस्थेने प्रेक्षकाला शिस्त शिकवावी ही अपेक्षा जरा जास्तच झाली.

उशिरा येणाऱ्यांबाबतही थोडे असेच म्हणता येईल. तिकिटावर छापलेल्या वेळेला जाहिराती सुरू होतात, चित्रपट कधी सुरू होईल ते कुणालाच ठाऊक नसते. मग लोक आपापल्या अंदाजाने येतात आणि पहिली दहा मिनिटे रांगेतल्या प्रत्येकाला उठबशा काढाव्या लागतात. बेंगळुरूमधील एका प्रेक्षकाने याच मुद्द्यावर ग्राहक आयोगाचे दार ठोठावले होते. 'सॅम बहादुर' या चित्रपटाचा खेळ दुपारी ४ वाजून ५ मिनिटांचा होता, प्रत्यक्षात चित्रपट साडेचारला सुरू झाला. आपली पंचवीस मिनिटे वाया गेली, ही त्याची तक्रार आयोगाने फेब्रुवारी २०२५मध्ये ग्राह्य धरून भरपाई देण्यास सांगितले आणि चित्रपट सुरू होण्याची खरी वेळ तिकिटावर छापावी असेही बजावले. पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली, ही गोष्ट वेगळी.

रंगमंचावरून आलेली हाक

चित्रपटातील नटाला प्रेक्षक दिसत नाही. नाटकातील नटाला दिसतो, म्हणून या दुखण्याला पहिली वाचा मराठी रंगभूमीने फोडली. २०१९ साली नाशिकच्या कालिदास कलामंदिरात 'नॉक नॉक सेलिब्रिटी'च्या प्रयोगात मोबाइल वाजत राहिल्याने सुमीत राघवन यांनी प्रयोग मध्येच थांबवला. त्याच वर्षी 'अश्रूंची झाली फुले'चे प्रयोग करणारे सुबोध भावे यांनी असेच चालणार असेल तर नाटकात कामच न केलेले बरे, अशी उद्विग्नता समाजमाध्यमावर व्यक्त केली. मग मुंबईतील महापालिकेच्या नाट्यगृहांत जॅमर बसवावेत, अशी मागणी पुढे आली. ही मागणी ऐकायला सोपी असली तरी जॅमर ही कुणीही विकत घेऊन भिंतीवर टांगावी अशी वस्तू नाही. केंद्र सरकारच्या परवानगीवाचून खासगी संस्थेला तो वापरता येत नाही. शिवाय प्रेक्षकांत एखादा डॉक्टर असतो, एखाद्याची आई रुग्णालयात असते. वाशीच्या विष्णुदास भावे नाट्यगृहात काय किंवा मल्टिप्लेक्समध्ये काय, 'मोबाइल बंद ठेवा' ही विनंती शेवटी विनंतीच राहते.

अमेरिकेत टेक्सास राज्यातील ऑस्टिन येथे १९९७ साली सुरू झालेल्या अलामो ड्राफ्टहाउस या चित्रपटगृहाने विनंतीच्या पुढे जाऊन पाहिले. बोलणाऱ्याला किंवा फोन वापरणाऱ्याला एकदा ताकीद आणि नंतर थेट बाहेर, पैसे परत नाहीत. २०११ साली अशाच एका बाहेर काढलेल्या प्रेक्षक महिलेने संतापाने फोनवर ठेवलेला शिव्यांचा निरोप त्यांनी चित्रपटाआधीची जाहिरात म्हणून दाखवला, आणि गिऱ्हाईक पळाले नाही, उलट वाढले म्हणतात. याउलट एएमसी या बलाढ्य साखळीने २०१६ साली तरुणांसाठी मोबाइल वापरण्याची मुभा असलेली प्रेक्षागृहे काढण्याचा विचार बोलून दाखवला, तर लोकांचा असा काही रोष उसळला की काही दिवसांत तो गुंडाळावा लागला.

आपल्याकडे कायद्याचा आधार अगदीच नाही असे नाही. पडद्याचे चित्रीकरण करून स्टेटसला ठेवण्याची जी टूम आहे, तिच्या वाटेवर मोठा खड्डा आहे. चित्रपटाची बेकायदा प्रत करण्याच्या हेतूने चित्रपटगृहात ध्वनिचित्रमुद्रण केल्यास २०२३ साली दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार तीन महिने ते तीन वर्षे कारावास आणि किमान तीन लाख रुपये दंड होऊ शकतो. 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश देता येत नाही, मग ती कडेवर झोपलेली का असेनात. बाकी कुजबुज, गुडघे आणि फोनचा उजेड यांसाठी पोलीस नाहीत. मध्यंतरात व्यवस्थापकाला गाठून तक्रार करणे एवढेच हाती उरते. ती फार थोडे लोक करतात. बहुतेक जण मुकाट्याने घरी जातात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत.

घर तरी शांत असते का?

घरचा पडदा हा सिनेमाचा जुना भाऊबंद आहे. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन सुरू झाले, तेव्हा ज्या घरी टीव्ही असे तेथे रविवारच्या चित्रपटाला अख्खी चाळ लोटे. चित्रपट पाहताना बोलायचे, भाजी निवडायची, मुलांना दटावायचे, ही सवय त्या दिवाणखान्यांतच लागली आणि व्हिडिओ, केबल यांच्या वाटेने ती पक्की झाली. २०१६ साली नेटफ्लिक्स आणि अॅमेझॉन प्राइम भारतात आले. २०२० साली करोनाने चित्रपटगृहांना टाळे ठोकले आणि राहिलेल्यांनाही घरच्या पडद्याचा लळा लागला. महाराष्ट्रात पन्नास टक्के आसनांची सवलत मिळून पुन्हा टाळे लागले, ते ऑक्टोबर २०२१मध्ये उघडले. त्या दीड वर्षात चित्रपट मध्येच थांबवता येतो, दहा सेकंद पुढे ढकलता येतो, दीडपट वेगाने पळवता येतो, हे प्रेक्षक शिकला. चित्रपटगृहात ज्याला तास-दीड तास फोनवाचून काढता येत नाही, त्याची तालीम घरी झालेली असते.

घरी चित्रपट पाहण्याचे फायदे नाकारण्याचे कारण नाही. गुडघे दुखणाऱ्या आजींना, ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना तळाशी उमटणाऱ्या शब्दांसह पाहता येते; चौघांच्या कुटुंबाचा दीड-दोन हजारांचा चुराडा वाचतो. तथापि काय हरवते याचाही हिशेब करावा. ४३ इंची टीव्ही सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो. अडीच मीटरवरून पाहिले तर तो आपल्या दृष्टीचा जेमतेम २१ अंशांचा भाग व्यापतो. चित्रपटगृहात मधल्या रांगेतून पडदा त्याच्या दुप्पट भरतो. सिडकोच्या दहा फुटी खोलीत यापलीकडे फारसे काही करता येत नाही. आवाजाचे तर विचारूच नका. चित्रपटातील कुजबुज आणि स्फोट यांच्यात जे अंतर असते, ते पंख्याची घरघर, कुकरची शिट्टी आणि खालच्या रस्त्यावरचा हॉर्न यांत बुडून जाते. मग संवादासाठी आवाज वाढवायचा आणि गाणे लागले की शेजाऱ्यांच्या भीतीने कमी करायचा, हा रिमोटचा खेळ सुरू होतो.

विनोदी चित्रपटाचे तर घरी फारच हाल होतात. हास्याचा अभ्यास करणारे अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट प्रोव्हाइन यांनी नोंदवले आहे, की माणूस एकटा असताना जेवढा हसतो त्याच्या सुमारे तीसपट चारचौघांत हसतो. 'अशी ही बनवाबनवी' टीव्हीवर शंभरदा पाहिलेल्यांनीही तो भरलेल्या प्रेक्षागृहात पाहिला, तर हशा कुठे येतो हे नव्याने कळेल.

या भांडणात खरे नुकसान कुणाचे होते, ते पाहिले पाहिजे. आदळआपटीच्या चित्रपटांना गोंगाटाने फारशी इजा होत नाही. त्यांचा आवाज सर्वांवर मात करतो. ज्या चित्रपटांना शांतता लागते ते मरतात. चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' १७ एप्रिल २०१५ रोजी चित्रपटगृहांत आला. कॅमेरा जागचा हलत नाही, दृश्य संपले तरी क्षणभर थांबून राहतो, आणि त्या थांबण्यातच चित्रपटाचा अर्थ असतो. त्याच दिग्दर्शकाचा 'द डिसायपल' २०२० साली व्हेनिसला पटकथेचा पुरस्कार मिळवून आला. शास्त्रीय संगीताच्या साधनेवरचा हा मराठी चित्रपट. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यावरून नायक संथ गतीने मोटारसायकलवर जातो आणि मागे तंबोरा झंकारत राहतो. करोनाच्या सावटात एप्रिल २०२१मध्ये तो थेट नेटफ्लिक्सवर आला. तंबोऱ्याचा तो झंकार बहुतेक मराठी प्रेक्षकांनी मोबाइलच्या किंवा टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरवर ऐकला. चोखंदळ प्रेक्षक घरी बसला की अशा चित्रपटांचे गिऱ्हाईक जाते, गिऱ्हाईक गेले की निर्माता चित्रपटगृहाच्या वाटेला जात नाही, आणि पडद्यावर गोंगाटात तग धरणारेच चित्रपट उरतात. ते पाहायला येणारा प्रेक्षक मग गोंगाट हाच नियम समजतो.

राज्य शासनाने २०१५ साली मल्टिप्लेक्सना मराठी चित्रपट मोक्याच्या वेळी दाखवण्याचे बंधन घातले, तेव्हा मोठे वादळ उठले होते आणि त्या वेळेची व्याख्या दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करावी लागली. प्रत्यक्षात लहान मराठी चित्रपटाच्या वाट्याला बहुधा कामाच्या दिवसाची दुपार येते. शांततेची ज्यांना ओढ आहे त्यांच्यासाठी खरे तर हीच सर्वांत उत्तम वेळ: मंगळवारी दुपारी प्रेक्षागृहात जेमतेम आठ-दहा डोकी असतात, फोन लागत नाहीत, खुर्चीला गुडघे लागत नाहीत, तंबोरा ऐकू येतो. फक्त जाण्याआधी चौकशी करून निघावे, कारण तिकिटे पुरेशी खपली नाहीत तर तो खेळच रद्द झालेला असतो.